सायकलच्या दुकानातलं इंग्रजी

२०१२ साली पुण्यातल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये माझ्या वाट्याला एक चिठ्ठी आली. चिठ्ठीत एकच शब्द होता : बायसिकल. त्यावर दोन मिनिटं बोलायचं होतं.

क्लास म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. चाळीस खुर्च्या आणि दोन पंखे. आम्ही सगळे बहुतेक मराठी माध्यमाचे. कोणी लातूरचा, कोणी जळगावची, मी बार्शीचा. डिग्री हातात होती आणि मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की घसा कोरडा पडत होता. सर रोज चिठ्ठ्या काढायला लावायचे. 'माय मदर', 'रेनी डे', 'मोबाइल : बून ऑर कर्स'. त्या मानाने मला सोपी चिठ्ठी आली, असं सगळ्यांना वाटलं.

पहिली वीस सेकंदं मी गप्प. मग सुरू झालो. 'धिस इज माय सायकल. इट हॅज टू व्हील्स. इट हॅज हँडल, ब्रेक, पेडल, चेन, सीट, बेल, कॅरिअर, स्टँड, मडगार्ड...' इथपर्यंत कोणीही येतं. मी थांबलो नाही. 'हब, रिम, टायर, ट्यूब, व्हॉल्व्ह, अॅक्सल, क्रँक, कॉटर पिन, फ्रीव्हील, कोन, कप, डायनॅमो...' क्लास शांत झाला. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, 'व्हेरी गुड. नाऊ टेल अस, व्हॉट डू यू डू विथ इट?'

आणि तिथे माझी सायकल थांबली.

'आय ड्राइव्ह सायकल. आय बीट द बेल. आय बीट द ब्रेक. माय फ्रेंड सिट्स डबल सीट. समटाइम्स माय चेन फॉल्स.'

हशा झाला. हसणाऱ्यांनाही बरोबर वाक्य येत नव्हतं, पण माझं चुकलंय एवढं सगळ्यांना कळत होतं. बसताना शेजारच्या मुलीने विचारलं, 'तुला एवढे पार्ट कसे काय माहीत?' मी म्हणालो, 'वडील बिझनेसमध्ये आहेत.'

वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, बार्शीत एसटी स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. पंक्चर, दुरुस्ती आणि तासावर भाड्याने सायकल. ते मी सांगितलं नाही. तो न सांगितलेला शब्द पुढे बरेच दिवस टोचत राहिला, आणि त्यातूनच मी सायकलचा आणि तिच्या इंग्रजीचा इतिहास वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनाचा आहे.

'मारणे' नावाचं क्रियापद

आधी माझ्या चुका बघू, कारण त्या फक्त माझ्या नाहीत.

मराठीत सायकलवर आपण सगळं 'मारतो'. पायडल मारतो, बेल मारतो, ब्रेक मारतो, पंप मारतो, गावात चक्कर मारतो, टांग मारतो. सायकलही 'चालवतो', बैलगाडीही 'चालवतो', दुकानही 'चालवतो'. एकाच क्रियापदावर आमचं भागतं. इंग्रजीत मात्र ज्यावर टांग टाकून बसायचं ते 'राइड' करायचं आणि ज्याच्या आत बसायचं ते 'ड्राइव्ह' करायचं. बेल 'रिंग' होते, ब्रेक 'अप्लाय' होतो, चेन पडत नाही, ती 'कम्स ऑफ'.

म्हणजे माझ्याकडे नामं ढिगाने होती आणि क्रियापदांचा खडखडाट होता. मला वाटलं, हा माझा दोष. पुढे कळलं की १९३० साली केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन नावाच्या माणसाने ही गोष्ट पार उलट्या टोकाने हाताळली होती. जगातल्या कोणालाही लवकर शिकता यावं म्हणून त्याने 'बेसिक इंग्लिश' तयार केलं. एकूण शब्द ८५०. त्यात क्रियापदं किती? फक्त अठरा. कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक, मेक अशी. उरलेलं काम नामांनी आणि छोट्या अव्ययांनी करायचं. थोडक्यात, आपल्या 'मारणे'सारखी मोजकी कामसू क्रियापदं घ्यायची आणि त्यांच्यावर सगळा संसार चालवायचा.

मी ती ८५० शब्दांची यादी सायकलच्या नजरेने वाचली. यादीत 'बायसिकल' नाही. पण व्हील आहे, ब्रेक आहे, चेन आहे, बेल आहे, पंप आहे. नट, स्क्रू आणि स्प्रिंगसुद्धा आहेत. आण्णांच्या दुकानातली अर्धी फळी त्या यादीत सापडते. केंब्रिजच्या विद्वानाला जे शब्द जगातल्या प्रत्येक नवशिक्याला अत्यावश्यक वाटले, ते सातवी शिकलेल्या माझ्या वडिलांना येत होते. कुठलाही क्लास न लावता.

खोक्यावरची नावं

हे शब्द बार्शीपर्यंत आले कसे?

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हतं, पायांनी जमीन ढकलत जायचं. पायडल आलं १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये, तेही पुढच्या चाकाला. त्याच दशकाच्या अखेरीस 'बायसिकल' हा शब्द इंग्रजीत रुळला. मग पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असलेली सायकल आली. वरून पडलं की डोकंच फुटायचं. अखेर १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो, ती हीच. पोलंडमध्ये सायकलला आजही 'रोवर' म्हणतात. म्हणजे तिथे कंपनीचं नावच वस्तूचं नाव होऊन बसलं. आपण नाही का, कुठल्याही दातांच्या पेस्टला कोलगेट म्हणतो, तसंच.

तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत म्हणून त्याने हा उद्योग केला होता. हवा आली आणि तिच्या पाठोपाठ 'पंक्चर' आलं. आण्णांच्या धंद्याचा खरा संस्थापक हा जनावरांचा डॉक्टर.

पुढे कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमचे कारखाने जगभर सायकली पाठवू लागले. हिंदुस्थान ही त्यांची हक्काची बाजारपेठ. बीएसए ही अक्षरं आपण सायकलवर वाचली, पण त्यांचा पूर्ण अर्थ 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. मूळ धंदा बंदुकांचा. रॅले हे नॉटिंगहॅममधल्या एका रस्त्याचं नाव. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीच निघाला. मग १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. सायकल देशी झाली, पण सुट्या भागांच्या खोक्यांवरची नावं तीच राहिली. दुकानदाराला माल मागवायचा असेल तर खोक्यावर जे छापलंय तेच म्हणावं लागतं. 'फ्रीव्हील'ला प्रतिशब्द शोधत बसलात तर लुधियानाहून फ्रीव्हील येणार नाही.

सगळ्याच भागांची नावं मात्र इंग्रजी झाली नाहीत. पुढचं चाक ज्यात बसतं त्या 'फोर्क'ला आमच्याकडे चिमटा म्हणतात. बेअरिंगमधल्या गोळ्यांना छर्रे आणि स्पोकला तारा. मला त्यात एक सूत्र दिसतं. ज्या वस्तूसारखं काहीतरी घरात आधीपासून होतं, तिथे मराठी नाव टिकलं. चुलीजवळ चिमटा होता, म्हणून चिमटा. जे अगदी नवं होतं, ते स्वतःचं नाव घेऊनच आलं. हे कोणत्याही समितीने ठरवलं नाही. हात काळे झालेल्या माणसांनी काम करता करता ठरवलं.

आणि काही शब्द तर या माणसांनी स्वतःच घडवले. 'डबल सीट' हे इंग्रजी वाटतं, पण इंग्रज माणसाला ते कळत नाही. पंक्चर चिकटवायच्या डिंकासारख्या द्रवाला दुकानात 'सोलुशन' म्हणतात. शाळेत सरांनी सोल्युशन म्हणजे उत्तर असं सांगितलं, तेव्हा माझ्या नाकात रबराचा वास आला होता.

चाक आणि चक्र

जून २००० मध्ये आमच्या घरात एक गंमत झाली. तोवर मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. त्या वर्षी महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं. मी पाचवीत गेलो होतो आणि धाकटा भाऊ पहिलीत. दोघांनी एकाच आठवड्यात एबीसीडीचं पुस्तक उघडलं. आण्णा म्हणाले, 'आता दोघं मिळून मला शिकवा.' आम्ही हसलो. त्यांना काय येतं, याची यादी तेव्हा आम्ही केली नव्हती.

ती यादी करताना मला भाषेच्या इतिहासातली एक गोष्ट सापडली. 'सायकल' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'किक्लोस' आहे. संस्कृत 'चक्र', ग्रीक 'किक्लोस' आणि इंग्रजी 'व्हील' हे तिन्ही एकाच फार जुन्या शब्दाचे वंशज आहेत. भाषाशास्त्रज्ञ त्या मूळ भाषेला इंडो-युरोपीय म्हणतात. 'बायसिकल'मधला 'बाय' आणि आपला 'द्वि' हेही एकाच घरातले. म्हणजे बायसिकल आणि दुचाकी हे शब्द अवयवाने अवयव जुळणारे चुलतभाऊ आहेत. 'पेडल'मधला लॅटिन पाय आणि आपला 'पाद', 'पाय' हेही तसेच. जो शब्द मला परका वाटून घाबरवत होता, तो हजारो वर्षांपूर्वी घरातून बाहेर पडलेला निघाला.

आणखी एक. पहिल्या मुलाखतीत मी 'माय कॅरिअर गोल' म्हणालो होतो आणि समोरचे गालात हसले होते. करिअर म्हणजे आयुष्याची वाटचाल, कॅरिअर म्हणजे सायकलच्या मागचं, ज्यावर भावाला बसवून मी शाळेत नेत होतो. पण शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच 'कारुस'पर्यंत, म्हणजे गाडीपर्यंत, जातात. एक गाडीचा रस्ता, दुसरा गाडीने वाहून नेणारा. माझा उच्चार चुकला होता. पण दोन्हींत नातं नाही, असं त्या टेबलापलीकडच्या माणसांना वाटत असेल, तर तेही चुकतच होते.

लंडनमध्ये पडणारा इंग्रजीचा मास्तर

आता ज्याच्यामुळे माझी लाज खऱ्या अर्थाने गेली, त्या माणसाविषयी. नात्सुमे सोसेकी. जपानचा एवढा मोठा कादंबरीकार की पुढे अनेक वर्षं हजार येनच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. पण १९०० साली तो फक्त इंग्रजीचा एक मास्तर होता. जपान सरकारने त्याला इंग्रजीच्या अभ्यासासाठी लंडनला पाठवलं. तिथे दोन वर्षं तो एकटा, तुटपुंज्या पैशांत, भाड्याच्या खोलीत पुस्तकं वाचत बसला. मन इतकं खचलं की लोकांना काळजी वाटू लागली. १९०२ मध्ये त्याच्या घरमालकिणीने आग्रह धरला, की बाबा, सायकल शिक.

वय पस्तीस. इंग्रजीचा शिक्षक. आणि लंडनच्या रस्त्यावर, इंग्रजांच्या देखत, धडाधड पडतोय. जपानला परतल्यावर १९०३ मध्ये त्याने यावर 'सायकलची रोजनिशी' नावाचा विनोदी लेख लिहिला. आपण मोठे किती वेळा पडलो हे तो त्यात मोजून सांगतो आणि लहानसहान पडणं मोजायचं सोडून देतो. लेख वाचताना हसू येतं, पण हे लिहिणारा माणूस दोन वर्षं एका परक्या भाषेतही असाच पडत होता, हे लक्षात आलं की हसू जरा आवरतं. सायकलवरून पडणं निदान सांगता येतं. बोलताना पडलेला माणूस घरी पत्रात ते लिहीत नाही. मी तरी बार्शीला फोनवर 'क्लास मस्त चाललाय' एवढंच सांगत होतो.

मार्क ट्वेननेही जवळपास पन्नाशीत, १८८० च्या दशकात, उंच चाकाची सायकल शिकण्याचा खटाटोप केला. त्यावरचा त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये छापला गेला. ट्वेन जर्मन भाषेने हैराण झालेला माणूस. सायकलवरून पडता पडता त्याला साक्षात्कार झाला, की जर्मन शिकायची खरी पद्धत ही सायकलचीच आहे. एका वेळी एकच अडचण पकडायची, ती पक्की जिंकायची, अर्धवट टाकून पुढच्या अडचणीकडे पळायचं नाही.

हे आमच्या शाळेने उलटं केलं. दहावीला आम्ही 'नो सूनर... दॅन' वापरून वाक्य बदलायला शिकलो. अॅक्टिव्हचं पॅसिव्ह करायला शिकलो. मार्क मिळाले. पण रस्त्यावर कोणी 'व्हेअर इज द पोस्ट ऑफिस' विचारलं असतं तर आम्ही बोटच दाखवलं असतं.

मायकेल पोलानी नावाचा एक शास्त्रज्ञ होता. मूळचा हंगेरीचा. रसायनशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाकडे वळलेला आणि पुढची पुस्तकं परक्या इंग्रजीत लिहिणारा. १९५८ च्या पुस्तकात त्याने सायकलचं उदाहरण दिलं आहे. सायकल उजवीकडे कलली की आपण हँडल उजवीकडेच वळवतो, डावीकडे नाही, आणि किती वळवायचं हे वेगाच्या वर्गावर ठरतं. याचं गणित मांडता येतं. पण सायकल चालवणाऱ्या कोणालाही ते माहीत नसतं, आणि ज्याला माहीत आहे तो केवळ त्या बळावर सायकल चालवू शकत नाही. आपल्याला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त येत असतं, असं पोलानीचं म्हणणं.

मी हे वाचलं आणि मला बार्शीचं मैदान आठवलं. आण्णा दुकानात येणाऱ्या पोरांना सायकल शिकवायचे, तेव्हा एकही नियम सांगायचे नाहीत. कॅरिअर धरून मागे पळायचे आणि ओरडायचे, 'खाली बघू नको, लांब बघ!' मग कधीतरी हात सोडून द्यायचे. पोरगं पडलं की आधी सायकल उचलायचे, मग पोराला. 'आता परत बस,' एवढंच म्हणायचे. माझ्या इंग्रजीला असा मागे पळणारा माणूस शाळेत कधी मिळाला नव्हता.

आऊट

क्लास संपायच्या आधी आणखी एकदा चिठ्ठी आली. या वेळी 'माय फादर'. मी उभा राहिलो. 'माय फादर रन्स अ सायकल शॉप. ही रिपेअर्स सायकल्स. ही टॉट हाफ द बॉइज इन अवर टाउन टु राइड.' एवढं बोलून श्वास घेतला. राइड म्हणालो, ड्राइव्ह नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'बिझनेस' हा शब्द वापरला नाही.

त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा आण्णा एका चाकाचा आऊट काढत बसले होते. हा दुकानातला सगळ्यात नाजूक धंदा. रिम वाकडी झाली, चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की 'आऊट झालंय' म्हणतात. मग चाक फिरवत, कानाकोपरा बघत, चावीने एकेक तार अर्धा फेरा आवळायची किंवा सैल करायची. घाई केली की दुसरीकडे आऊट येतो.

मी नुकताच शिकलेला शब्द मिरवला. म्हणालो, 'आण्णा, इंग्रजीत याला आऊट काढणं म्हणत नाहीत. चाक "ट्रू" करणं म्हणतात.'

'ट्रू म्हणजे?'

'खरं. चाक खरं करणं.'

त्यांनी चाकाला एक झटका दिला. ते फिरत राहिलं. डोळा रिमवरून न हलवता म्हणाले, 'चाक काय खोटं नसतं रे. एखादी तार ढिली असती.'

मग मला चावी दिली आणि म्हणाले, 'ही डावीकडची धर. हळू.'